मागाच्या आवाजाखाली

सोनवळच्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं किती आहेत, हे गावात कुणाला सांगता यायचं नाही. पण माडीवरच्या आवाजघरात कुणाची फीत आहे आणि कुणाची नाही, यावरून आजही लग्नाच्या पंगतीत रुसवेफुगवे होतात. ‘आमच्या आज्याचा आवाज हाय तिथं’ असं सांगणाऱ्याची मान जरा ताठच असते.

हे आवाजघर उभं केलं वाळवेकर गुरुजींनी. गावातले हातमाग एकामागून एक बंद पडत होते. त्या काळात गुरुजी खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून कोष्टी गल्लीतल्या घराघरांत शिरले. विणणारे, सुताला खळ लावणारे, सूत गुंडाळून कांड्या भरणाऱ्या बायका, ज्याला जे बोलायचं ते त्यांनी बोलू दिलं. त्यांचा एक नेम होता. फीत वाचनालयात नेण्याआधी ते ती त्याच घरात, सगळ्यांना बसवून वाजवायचे. याला ते ऐकवणी म्हणत. ऐकताना घरातलं कुणी म्हणालं, ‘गुरुजी, एवढं काढा,’ की ते फीत मागं न्यायचे, माईक चालत्या मागापुढं धरायचे आणि तेवढ्या जागेवर मागाचा खटखटाट भरून टाकायचे. तिथं कोरंच का नाही ठेवत, असं एकदा कुणीतरी त्यांना विचारलं होतं. गुरुजी म्हणाले होते, “मोकळी जागा दिसली की गाव विचारतं, इथं काय होतं? मागाच्या आवाजाला कोण विचारतंय?”

आणि खरंच, पन्नास वर्षं कुणी विचारलं नाही. मग पुण्याहून तळवाचक आला.

तळवाचक म्हणजे दिसायला शिवणयंत्राएवढी पेटी. तिच्याबरोबर आलेली अर्पिता खोत ही तरुण संशोधक वाचनालयाच्या पंचमंडळींना समजावून सांगत होती, तेव्हा पंच चहात बिस्किट बुडवत ऐकत होते. फितीवर असते ती लोखंडाच्या गंजाची बारीक पूड. त्यातला कण न् कण म्हणजे एक इवलासा चुंबक. आवाज भरताना टेपरेकॉर्डर या कणांची तोंडं ठरावीक दिशांना फिरवतो. त्याच जागी दुसरा आवाज भरला की तोंडं पुन्हा फिरतात, पण सगळी नाही. आवाज भरणारा यंत्राचा माथा दर वेळी केसभर इकडे-तिकडे सरकतो आणि काठाचे, खोलातले काही हट्टी कण जुन्याच दिशेला तोंड करून बसतात. “कापड कितीही धुवा, खळीचा वास राहतो ना, तसंच,” अर्पिता म्हणाली, आणि पंचांनी पहिल्यांदा माना हलवल्या. तळवाचकात हिऱ्याची एक चकती होती. ती एकेका कणाची दिशा वाचायची. मग वरचा थर वजा करायचा. खाली उरेल तो पुसलेला आवाज.

“म्हणजे यंत्र अंदाजानं काहीबाही भरणार,” एक पंच म्हणाले.

“नाही काका. जिथं कण बोलत नाहीत तिथं यंत्र गप्प बसतं. ते बनवून काही सांगत नाही.”

आवाजघराच्या प्रमुख रत्नमाला हावळ मागच्या खुर्चीत बसून हे ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे एकच फीत होती. त्यांच्या आईची.

*

अनुसयाबाई हावळांची फीत आवाजघरात प्रसिद्ध होती, ती एका विचित्र कारणासाठी. इतर फितींवरचा माग घड्याळासारखा चालतो. अनुसयाबाईंच्या फितीवर मात्र मध्येच माग अडखळतो, थांबतो, सूत वाहून नेणारा धोटा एकदा जोरात आदळतो आणि मग पुन्हा लंगडत लंगडत सुरू होतो. तो माग रत्नमालाच्या वडिलांचा होता आणि चालवणारेही तेच, आप्पा. आप्पांचा हात गावात नावाजलेला. त्यांचा धोटा कधी चुकत नसे. मग त्याच दिवशी का चुकला?

रत्नमालाला याचं उत्तर ठाऊक होतं. आप्पा रागात होते. आईनं फितीवर काहीतरी बोलून दाखवलं, ते आप्पांना झोंबलं, आणि त्यांनी ते स्वतःच्या हातानं माग चालवून पुसलं. ती तेव्हा सहा वर्षांची होती. त्या दिवसातलं तिला फारसं काही आठवत नव्हतं. टेपरेकॉर्डरचा लाल दिवा, गुरुजींनी दिलेली लिमलेटची गोळी आणि मागावर बसलेल्या आप्पांचा ओढलेला चेहरा, एवढंच. पण तेवढ्यावर तिनं अख्खा बाप ओळखला होता. आई उभा जन्म कांड्या भरत राहिली, पुढं यंत्रमागाच्या खोलीत तुटलेलं सूत जोडत राहिली, आणि चार वाक्यांच्या वर कधी बोलली नाही. रत्नमाला शिकली, ग्रंथपाल झाली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही. आप्पा गेले तेव्हा ती रडली, पण मनातला हिशेब काही मिटला नाही.

तळवाचकावर पहिली फीत लावली ती सोनाबाई रोकडे यांची. त्या जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मागाच्या आवाजाखालून सोनाबाई बोलल्या, इतक्या स्पष्ट की माडीवर जमलेली माणसं दचकून मागं सरली. “मालक धोट्यानं मारत्यात. धोट्याचं टोक लोखंडी असतंय, गुरुजी.” मग अर्पितानं वरच्या थराची फोड केली. मागाचा ठेका ठरलेला असतो, त्यामुळं यंत्राला तो बाजूला काढणं अवघड नव्हतं. माग बाजूला झाला आणि पुसण्याच्या वेळी त्या खोलीत कोण काय बोलत होतं, तेही ऐकू आलं. एक पुरुषी आवाज विचारत होता, “गेलं का गुरुजी? सगळं गेलं का?”

दुसऱ्या दिवशी रोकड्यांच्या नातवानं भिंतीवरचा आजोबांचा हार घातलेला फोटो उतरवून कपाटात ठेवला.

मग गावात एकच कल्लोळ माजला. आवाजघराच्या जिन्यावर बायकांची रांग लागली. काही घरांतली माणसं ‘आमची फीत जाळून टाका’ म्हणत आली. पंचांनी बैठक घेऊन नियम केला, की बोलणाऱ्याची, तो हयात नसेल तर वारसांची संमती असेल तरच फीत उघडायची. आणि सगळ्यात आधी ज्याचा शब्द, त्याच्या कानात. हा शेवटचा नियम गुरुजींचाच होता.

या धामधुमीत एका वाहिनीवर रत्नमालाची मुलाखत झाली. तिथं ती बोलून गेली, “माझ्या वडिलांनीही माझ्या आईचा आवाज असाच पुसला. मी त्याची साक्षीदार आहे.”

*

धनंजय त्याच संध्याकाळी तिच्या घरी येऊन थडकला. तो तिचा धाकटा भाऊ, यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा, आप्पांचा लाडका.

“आक्का, तू काय डोळ्यांनी बघितलंस गं?” दारातच चपला फेकत तो म्हणाला. “मेलेल्या माणसावर बालंट घालतीस? गावात तोंड दाखवाय जागा ठेवली न्हाईस.”

“मी होते तिथं. तू जन्मायचा होतास.”

“आप्पांनी माझ्यादेखत आईवर कधी आवाज चढवला न्हाई.”

“आवाज चढवायची गरज नसते, धन्या. माग चालवला तरी पुरतं.”

मधल्या खोलीत अनुसयाबाई खुर्चीत बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यात त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. समजत सगळं होतं, पण शब्द सापडत नसत. एवढ्या मोठ्या भाषेतून त्यांच्यापाशी दोनच शब्द उरले होते: “हो की.” चहा हवा? हो की. गुडघा दुखतोय? हो की. पंखा बंद करू? हो की. डॉक्टर म्हणाले होते, या आजारात असं होतं. त्याचा अर्थ हो असाच असेल असं नाही.

“आईलाच विचारू,” रत्नमाला म्हणाली आणि खुर्चीपुढं बसली. “आई, तुझी फीत उघडूया ना? सगळ्यांसमोर? तुला जे बोलायचं होतं ते लोकांना ऐकू दे.”

अनुसयाबाईंनी लेकीकडं बराच वेळ पाहिलं. मग त्या म्हणाल्या, “हो की.”

“ऐकलंस?” रत्नमाला वळून म्हणाली.

“आता मी विचारतो. आई, फीत जाळून टाकू?”

“हो की.”

धनंजय खिन्नपणे हसला. “बघ. ही तुझी संमती. पंचांना दाखव जा.”

तो गेला आणि त्यानंतर त्यानं फोन उचलणं बंद केलं. रत्नमालाला त्याचं म्हणणं कळत नव्हतं असं नाही. पण आपल्याला हवं ते उत्तर मिळालं की माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही. तिनं संमतीच्या रकान्यात आईचा अंगठा घेतला.

अर्पितानं तिला सावध केलं होतं. “मॅडम, यंत्रानं थर वेगळे करून ठेवलेत. तुमच्या नियमाप्रमाणं मी ऐकलेलं नाही काही. पण आधी तुम्ही दोघी बंद खोलीत ऐका. मग लोकांचं बघू.”

“गुरुजींची ऐकवणी बंद खोलीत कधी झाली नाही,” रत्नमाला म्हणाली. “पुसलं ते चारचौघांत. उघडायचं तेही चारचौघांतच.”

*

वाचनालयाचं सभागृह खचाखच भरलं होतं. पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीत अनुसयाबाई, अंगावर आप्पांनी विणलेलं गर्द जांभळं लुगडं. ते नेसवताना रत्नमालाच्या मनात आलं होतं की हेच का निवडलं आपण? पण आईनं कपाटाकडं बोट दाखवून तेच मागितलं होतं. धनंजयही आला होता. हाताची घडी घालून तो मागच्या दाराशी उभा होता.

रत्नमालानं प्रास्ताविक लांबवलं नाही. आधी तिनं वरचा थर जसाच्या तसा वाजवून दाखवला. सभागृहात माग घुमू लागला. खटाक्-खट, खटाक्-खट. मग तो अडखळला. धोटा आदळला. जुन्या विणकरांनी एकमेकांकडं पाहिलं.

“हा माझ्या वडिलांचा राग,” ती म्हणाली. “आता त्याच्याखाली माझी आई ऐका.”

अर्पितानं कळ फिरवली. आधी नुसती खरखर आली. मग एक तरुण, ठसठशीत, हसरा आवाज आला. असा आवाज आपल्या आईला होता, हे रत्नमाला पार विसरून गेली होती.

“कांड्या भरून बोटं काळी पडली, त्याचं काय न्हाई गुरुजी. पर आता मी जाणार हाय. मिरजेला, नर्सचं शिकाय. रात्रीच्या शाळेतनं धावी पास झाले, तितल्या बाईंनी अर्ज भरला आन् नंबर बी लागला. तीन वर्सं तितंच ऱ्हायाचं.”

“घरचे काय म्हणतात?” हा आवाज गुरुजींचा.

“ह्यांना इचारलं. ह्ये म्हणाले, जा. माग बी बघतो, पोरीला बी बघतो.”

सभागृहात कुजबुज उठली. आप्पा जा म्हणाले होते?

“आणि रत्ना?” गुरुजींनी विचारलं.

“तिला अजून सांगितलं न्हाई. माझ्या तोंडानं सांगाय धीर हुईना. तवा म्हटलं, तुमच्या मशिनीतनं सांगावं. ऐकवणीत ऐकंल ती. तिनं जा म्हटलं की झालं.”

एवढ्यावर खालचा थर संपला. खरखर उरली.

आता थांबायला हवं होतं. पण सभा समोर बसली होती आणि रत्नमालाच्या हातात माईक होता. सगळी हयात ज्या एका गोष्टीवर उभी केली, ती डळमळताना दिसली की माणूस तिलाच आणखी घट्ट धरतो. ती म्हणाली, “एकांतात हो म्हणाले. चारचौघांत ऐकल्यावर मात्र पुरुष फिरला. पुसायला कुणी लावलं, ते आता वरच्या थरात कळेल. अर्पिता, माग बाजूला कर.”

माग विरत विरत गेला. त्याच्यामागची खोली मोकळी झाली. कुणाचे तरी हुंदके येत होते, बारीक, श्वास अडकलेले. आणि मग एक आवाज आला.

“गेलं का? गुरुजी, सगळं गेलं का?”

तो पुरुषाचा आवाज नव्हता. लहान मुलीचा होता. तोंडात गोळी धरून बोलावं तसा बोबडा.

“जातंय बाळ. थांब जरा,” गुरुजी म्हणाले.

मग मागाच्या अगदी जवळून, आप्पा. तोच जाडाभरडा, सावकाश आवाज. “गुरुजी, नका पुसू. माझा पाय पडंना मागावर. पोर हाय ती, चार दिस रडंल आन् गप ऱ्हाईल. तिच्या रडण्यापायी हिचं नका पुसू.”

“पुसू द्या,” आईचा आवाज. आता त्यात हसू नव्हतं. “तिनं न्हाई म्हटलं. चालवा तुम्ही माग.”

धोटा एकदा जोरात आदळला. माग लंगडत सुरू झाला.

“आई, गेलं म्हंजे तू आता जाणार न्हाईस ना?”

“न्हाई जात गं. बघ, गेलं की सगळं.”

फीत थांबली. रत्नमालाच्या हातातला माईक खाली गेला. तिला एकदम लिमलेटच्या गोळीची चव आठवली, आंबट आणि खारट. खारट का, ते पन्नास वर्षांनी कळलं. आप्पांचा तो ओढलेला चेहरा तिला आठवत होता, तोही खराच होता. राग मात्र तिनं स्वतःच्या पदरचा घातला होता. आणि मेलेल्या बापाला तिनं तो भर बाजारात चिकटवला होता.

ती व्यासपीठाच्या पायरीवर बसली.

*

लोक हळूहळू निघून गेले. सभागृहात चौघं उरली: रत्नमाला, अनुसयाबाई, धनंजय आणि तळवाचकाच्या तारा आवरण्याचं नाटक करणारी अर्पिता.

धनंजय पायरीपाशी आला. तो भांडणार असं वाटून रत्नमालानं मान खाली घातली.

“बोल धन्या. काय बोलायचं ते बोल. मी आप्पांना...”

तो तिच्याशेजारी टेकला. “मी मगापासनं एकच इचार करतोय, आक्का. आई मिरजेला गेली असती तर तीन वर्सं तिकडं असती. म्हंजे मी जन्मलोच नसतो. तू रडलीस म्हणून मी हाय.” त्यानं हसण्याचा प्रयत्न केला. “आता तुझ्यावर चिडू तरी कसा, सांग?”

रत्नमालानं त्याचा हात धरला आणि ती ओक्साबोक्शी रडली. सहा वर्षांच्या पोरीला काय कळत होतं, हे आप्पा तेव्हाच म्हणाले होते. पण ती पोर सत्तावन्न वर्षांची होईपर्यंत तिला कुणीच काही सांगितलं नाही. आईनं तिच्यासाठी सगळं मोडलं आणि त्याचा एक शब्दही कधी तिच्यावर पडू दिला नाही. आणि आप्पांनी लेकीचा दुरावा मुकाट सोसला.

मग ती उठली, डोळे पुसले आणि आईच्या खुर्चीपुढं गेली. “आई, चुकलं माझं. मी तुला विचारलंच नाही खरं तर. तू हो की म्हणालीस आणि मी ते उचललं. अर्पिता, हे सगळं पुसून टाक. यंत्रातनंही. आईचं आहे ते, गावाचं नाही.”

अर्पिता यंत्राकडं वळली. तेवढ्यात अनुसयाबाईंनी डावा हात पुढं केला आणि लेकीचं मनगट पकडलं. पकड चांगली घट्ट होती. डोळे यंत्रावर खिळले होते. त्यांनी हनुवटी उचलून यंत्राकडं खूण केली. एकदा, मग पुन्हा.

“परत लावू म्हणतेस?”

या वेळी अनुसयाबाई हो की म्हणाल्या नाहीत. त्यांनी नुसतं लेकीचं मनगट हलवलं.

अर्पितानं खालचा थर पुन्हा लावला. खरखर आली, मग तो तरुण आवाज. “कांड्या भरून बोटं काळी पडली...”

अनुसयाबाईंचे ओठ हलायला लागले. आधी नुसतेच. मग घशातून घरघर आली. “पर... आता... मी...”

धनंजय ताडकन उठून उभा राहिला. “आक्का! आई बोलाय लागली!”

“थांबवू नका काही,” अर्पिता घाईघाईनं पुटपुटली. “मी वाचलंय हे. स्वतःहून शब्द सापडत नाहीत, पण दुसरा आवाज वाट दाखवत पुढं चालला की मेंदू त्याच्या मागनं जातो, भजनात मागून ओळ धरतात तसा. आणि हा तर त्यांचाच आवाज आहे.”

“मी जाणार हाय. मिरजेला,” टेपमधली अनुसया म्हणाली, आणि खुर्चीतल्या अनुसयाबाई अर्धा शब्द मागून म्हणाल्या, “जाणार... हाय. मिरजेला.” तोंड वाकडं होत होतं, लाळ गळत होती, पण त्या थांबेनात. दोन वर्षांचा आणि त्याआधीच्या पन्नास वर्षांचा अबोला त्यांनी एका दमात मागं टाकला होता. खुर्चीतल्या आवाजात फितीतल्या आवाजाचं हसू नव्हतं. जिद्द मात्र तीच होती.

“ह्ये म्हणाले, जा.”

“ह्ये... म्हणाले... जा.”

रत्नमाला गुडघ्यांवर बसली. आईचे डोळे आता यंत्रावर नव्हते, तिच्यावर होते. टेपमधला आवाज गुरुजींना सांगत होता. खुर्चीतली आई मात्र आता थेट लेकीला सांगत होती, माझ्या तोंडानं सांगाय धीर हुईना म्हणाली होती ना, त्याच तोंडानं.

“तिनं जा म्हटलं की झालं.”

“तिनं... जा... म्हटलं... की... झालं.”

फीत संपली. खरखर सुरू राहिली. अनुसयाबाईंना धाप लागली होती, पण त्यांनी मनगट सोडलं नाही. त्या वाट पाहत होत्या. नर्सच्या शाळेत जाण्याचं वय कधीच निघून गेलं होतं, हे त्यांनाही कळत होतं आणि रत्नमालालाही. तरी त्या वाट पाहत होत्या.

रत्नमालाच्या घशात सहा वर्षांची पोर पुन्हा हुंदका देत होती. तिला बाजूला सारायला रत्नमालाला फार कष्ट पडले.

“जा, आई,” ती म्हणाली.

अनुसयाबाईंनी मनगट सोडलं, खुर्चीत मागं रेलल्या आणि म्हणाल्या, “हो की.”